तिघांच्या तीन याद्या आणि एकच खरेदी

वाचकाचे पत्र: «आम्ही तिघे मिळून संगीत करतो. सध्या एका लहान व्हिडिओ गेमच्या पार्श्वसंगीताचे काम हाती आहे आणि त्यासाठी तिघांनी जमवलेल्या पैशांत एकच सॉफ्टवेअर सिंथ (संगणकावर आवाज घडवणारे वाद्य) विकत घेता येईल. चार महिने आम्ही सर्वोत्तम सिंथची क्रमवारी लावत आहोत, पण एकमत होत नाही. माझ्या मते डिव्हा पहिला, व्हायटल दुसरा, सीरम तिसरा. मित्राचा क्रम सीरम, डिव्हा, व्हायटल असा आहे, तर आमची तिसरी सहकारी व्हायटल, सीरम, डिव्हा असा क्रम लावते. मतदान घेतले की दर वेळी निराळाच निकाल लागतो, आणि आता बोलणे हमरीतुमरीवर येऊ लागले आहे. गेमच्या निर्मात्यांनी चार गोष्टी मागितल्या आहेत: संथपणे रंग बदलत जाणारा खोल नाद, श्वासासारखे लांब पॅड (मागे पसरून राहणारे स्वर), घंटेसारखे काही ठळक आवाज आणि एका प्रसंगासाठी भरदार बेस. कोणाची यादी बरोबर मानावी, आणि काय विकत घ्यावे? — तिघांतला एक»

स.न.

तुमच्या भांडणाला तुम्ही हट्टीपणा समजत असाल, तर तो गैरसमज आधी दूर करतो. तुम्ही लिहिलेले तीन क्रम कागदावर एकाखाली एक मांडून पाहा. सीरम आणि डिव्हा यांपैकी एक निवडायचा झाला तर मित्र आणि सहकारी असे दोघे सीरमच्या बाजूने आहेत. डिव्हा आणि व्हायटल यांत तुम्ही व मित्र डिव्हाच्या बाजूने आहात. म्हणजे सीरम पहिला आणि व्हायटल शेवटचा, असे वाटते. पण व्हायटल आणि सीरम यांची जोडी समोर ठेवली, की तुम्ही व सहकारी दोघेही व्हायटलला मत देता, आणि फेरा पुन्हा सुरुवातीला येऊन मिळतो. प्रत्येकाचे मत आपापल्या जागी सुसंगत असूनही तिघांचे मिळून एक मत तयारच होऊ शकत नाही, हा पेच फ्रेंच गणितज्ञ कॉन्डॉर्से यांनी १७८५ साली मतदानावरील निबंधात मांडला होता. कोणती जोडी आधी समोर ठेवली यावर तुमचा निकाल ठरतो, म्हणूनच तो दर वेळी बदलतो. आणखी चार महिने मतदान घेतले तरी यातून काही निष्पन्न होणार नाही, आणि त्यात दोष तिघांपैकी कोणाचाही नाही.

आता खुद्द याद्यांकडे वळू. पत्रात तुम्ही कारणे दिलेली नाहीत, परंतु या तीन सिंथांची घडण पाहता ती ओळखणे फार अवघड नाही. तिघांनी ‘सर्वोत्तम’ हा एकच शब्द वापरून तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली आहेत, असा माझा तर्क आहे.

डिव्हा पहिला ठेवणारा माणूस बहुधा फिल्टर, म्हणजे आवाजातल्या वारंवारता गाळून त्याचा रंग बदलणारा भाग, ऐकत असतो. यू-हे या बर्लिनच्या कंपनीने २०११ मध्ये आणलेल्या या सिंथमध्ये जुन्या अॅनालॉग यंत्रांच्या नमुन्यावर बेतलेले ऑसिलेटर (मूळ तरंग काढणारे भाग) आणि फिल्टर असून ते एकमेकांशी हवे तसे जोडता येतात. त्याची खरी करामत मात्र दिसत नाही. अॅनालॉग फिल्टरमध्ये बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही भाग त्याच क्षणी पुन्हा आत येतो. संगणकाला ‘त्याच क्षणी’ हे जमत नाही, कारण बाहेर काय पडणार हे आधी मोजल्याशिवाय आत काय द्यायचे ते कळत नाही. जुन्या सॉफ्टवेअर फिल्टरांत यावर सोपी पळवाट असे, ती म्हणजे मागच्या नमुन्याचे (ध्वनीच्या आधीच्या सूक्ष्म मोजमापाचे) उत्तर वापरण्याची. त्यामुळे रेझोनन्स (गाळण्याच्या सीमेवरचा जोर) वाढवून कटऑफ (ती सीमा) झपाट्याने फिरवला की आवाज कोरडा आणि थोडा खोटा वाटे. डिव्हा ती पळवाट न घेता प्रत्येक नमुन्यासाठी समीकरण सोडवतो, आणि म्हणून तो प्रोसेसरला घाम फोडतो. तुमच्या सहकारीने त्याला तळाला टाकले याचे कारण तिचे कान नसून तिचा संगणक असावा, अशी मला दाट शंका आहे. एकदा सहज विचारून पाहा.

सीरम पहिला ठेवणाऱ्याचे प्रेम बहुधा डोळ्यांमार्फत जडलेले असते, आणि हे मी हिणवण्यासाठी म्हणत नाही. स्टीव्ह ड्यूडा यांचा हा सिंथ २०१४ मध्ये आला. तोपर्यंत वेव्हटेबल पद्धत, म्हणजे तरंगांच्या अनेक चौकटी रांगेत ठेवून त्यांतून सरकत आवाज बदलण्याची रीत, नवी राहिलेली नव्हती. जर्मनीच्या वोल्फगांग पाल्म यांनी पीपीजी कंपनीच्या यंत्रांत ती १९८०च्या सुमारासच आणली होती. सीरमने काय केले, तर एका वेव्हटेबलमधील २५६ पर्यंत चौकटी, आणि प्रत्येक चौकटीतील २,०४८ बिंदूंची लहर, वापरणाऱ्याच्या नजरेसमोर हलती ठेवली. कोणता एलएफओ (इतर बटणे आपोआप हलवणारा संथ तरंग) कोणत्या बटणाला हलवतो हे ओढून सोडण्याइतके सोपे केले. शिकणाऱ्याला कारण आणि परिणाम एकाच पडद्यावर दिसू लागले. ज्याने सिंथ वाजवण्यापेक्षा सिंथ घडवणे सीरमवर शिकले, त्याला इतर सगळे सिंथ अंधारात चाचपडल्यासारखे वाटतात. २०२५ मध्ये सीरमची दुसरी आवृत्ती आली आणि जुन्या ग्राहकांना ती विनामूल्य मिळाली, त्यामुळे त्याच्या चाहत्यांची निष्ठा आणखी घट्ट झाली, हेही समजण्यासारखे आहे.

व्हायटल हा मॅट टायटेल यांनी २०२० मध्ये आणलेला सिंथ बऱ्याच अंशी त्याच मुलखातला आहे. त्यात तीन वेव्हटेबल ऑसिलेटर आणि एक सॅम्पलर (मुद्रित आवाज वाजवणारा भाग) आहे, मॉड्युलेशन (एका भागाने दुसऱ्याला हलवण्याची जोडणी) तसेच ओढून सोडता येते, आणि त्याच्या विनामूल्य आवृत्तीत आवाज घडवणारे यंत्र पूर्ण दिलेले आहे. पैसे मोजणाऱ्याला मुख्यतः अधिक प्रीसेट (तयार आवाज) आणि अधिक वेव्हटेबल मिळतात. खरेदीच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट असूनही क्रमवारीत ती कुठेच उमटत नाही. ज्याच्या वाटणीचे मोठे काम फुकटात होते त्याच्याशी तुलना करून दुसरा सिंथ ‘थोडा सरस’ ठरला, तरी त्यावर सगळी पुंजी खर्च करणे शहाणपणाचे ठरते का, हा प्रश्न यादी विचारतच नाही.

तुमच्या याद्यांत नसलेला, पण अशा क्रमवारीत हटकून वर असणारा ऑम्निस्फिअर घेतला तर गोंधळ आणखी स्पष्ट होतो. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत १४,०००हून अधिक तयार आवाज आहेत. त्याला पहिला क्रमांक देणारा बहुतेक वेळा ग्रंथालयाला गुण देतो, आणि डिव्हाला पहिला क्रमांक देणारा फिल्टरला. या दोघांचे डावे-उजवे ठरवणे म्हणजे शब्दकोश चांगला की लेखणी चांगली, असे विचारण्यासारखे आहे. प्रीसेट आणि यंत्र यांतला फरक विसरल्याचे गाजलेले उदाहरण यामाहाच्या १९८३ सालच्या डीएक्स ७ चे. सहा ऑपरेटर (एकमेकांना हलवू शकणारे तरंग) आणि ते जोडण्याच्या ३२ रीती एवढे सामर्थ्य त्यात होते, परंतु लहानशा पडद्यावर एका वेळी एकच आकडा बदलत बसण्याचा कंटाळा येऊन बहुतेकांनी कंपनीने दिलेले आवाजच वाजवले. पुढे त्या दशकातल्या असंख्य गाण्यांतला विद्युत पियानो सारखाच ऐकू येऊ लागला, तेव्हा शिव्या मात्र यंत्राला बसल्या.

प्रीसेट ऐकून केलेल्या तुलनेत आणखी एक चकवा आहे. कंपनीने दिलेले आवाज दुकानाच्या काचेमागे मांडलेल्या मालासारखे सजवलेले असतात: भरपूर रिव्हर्ब (घुमारा), रुंद डिले (प्रतिध्वनी), आणि शक्य तितकी मोठी पातळी. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले की आपल्या कानाची संवेदना सर्व वारंवारतांना सारखी नसते आणि ती आवाजाच्या पातळीनुसार बदलते. पातळी वाढली की खर्जाचा भाग विशेषतः अधिक भरलेला वाटतो. परिणामी दोन सिंथांपैकी जो किंचित मोठा वाजतो तो ‘अधिक ऊबदार’ आणि ‘अधिक भरीव’ ठरतो, आणि ऐकणाऱ्याला आपण पातळीला गुण दिले आहेत याचा पत्ताही लागत नाही. क्रमवारीच्या वादात ज्यांना विशेषणे पुरत नाहीत त्यांनी मास्टर चॅनलवरचा, एकूण आवाजाची पातळी दाखवणारा मीटर एकदा पाहावा, असे मला पुष्कळदा वाटते.

याचा अर्थ सगळेच चवीवर सोडावे असा नाही. काही गोष्टी मोजता येतात आणि त्यांत खरोखर चांगले-वाईट असते. एलिअसिंग ही त्यांतली प्रमुख. सेकंदाला ४४,१०० नमुने घेणाऱ्या प्रकल्पात २२,०५० हर्ट्झच्या वरची वारंवारता मावत नाही. ती मागे दुमडून ऐकू येणाऱ्या पट्ट्यात परत येते. पियानोच्या शेवटच्या पट्टीच्या जवळपासचा, ४,००० हर्ट्झचा, करवतीच्या दात्यासारखा तरंग निष्काळजीपणे तयार केला, तर त्याचा दहावा हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या दहा पटीचा उपस्वर) ४०,००० हर्ट्झवरून दुमडून ४,१०० हर्ट्झवर मूळ सुराच्या अगदी शेजारी येऊन खरखर करतो आणि अकरावा ४४,००० वरून थेट १०० हर्ट्झवर उतरतो. वरच्या सुराला खाली अकारण घरघर लागते ती अशी. तिन्ही सिंथांत एकच साधा ऑसिलेटर चालू ठेवून, सगळे इफेक्ट बंद करून, सूर खालून अगदी वरपर्यंत सावकाश सरकवा. सूर वर जात असताना एखादा बारीक आवाज उलटा खाली येताना ऐकू आला, तर ती एलिअसिंग. तुमच्या यादीतले तिन्ही सिंथ या परीक्षेत लाज आणणार नाहीत, म्हणून तुमच्या निवडीत हा मुद्दा निर्णायक नाही. पण उद्या कोणी दुसरे नाव सुचवले तर पाच मिनिटांत त्याची पारख करता येईल.

आता क्रमवारी बाजूला ठेवून निर्मात्यांनी मागितलेले चार आवाज समोर घ्या, कारण पत्रातली सर्वांत उपयोगी ओळ तीच आहे.

घंटेसारख्या आवाजासाठी तिन्ही याद्यांतले कोणतेच नाव मला आधी आठवत नाही. घंटेचे उपस्वर मूळ सुराच्या पूर्णांक पटीत नसतात, आणि असे उपस्वर सहज निर्माण करणारी पद्धत म्हणजे एफएम, एका तरंगाने दुसऱ्याची वारंवारता हलवण्याची. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांना ती १९६७ मध्ये गवसली, १९७३ मध्ये त्यांनी ती लेखरूपाने प्रसिद्ध केली आणि पुढे यामाहाने डीएक्स ७ मध्ये ती घरोघरी पोहोचवली. डेक्स्ड हा विनामूल्य सिंथ त्याच यंत्राचे प्रतिरूप असून तो डीएक्स ७ चे जुने आवाजही वाचतो. त्यात दोनच ऑपरेटर घेऊन एकाने दुसऱ्याला हलवण्याची रचना निवडा, त्यांच्या वारंवारतांचे प्रमाण १ : १.४ ठेवा, दोन्ही एन्व्हलप (पातळीच्या चढ-उताराचे आराखडे) झटकन चढणारे आणि सावकाश उतरणारे करा, आणि हलवणाऱ्या ऑपरेटरचा एन्व्हलप थोडा लवकर विझू द्या. घंटा तयार होईल. तिथून पुढे प्रमाण किंचित बदलत गेलात की ताट, काच, पत्रा असे शेजारी भेटत जातात. एका संध्याकाळचे हे काम आहे.

संथपणे रंग बदलणारा खोल नाद हे वेव्हटेबलचे माहेरघर. चौकटींमधून जाण्याचा वेग एका एलएफओला मिनिटभराच्या फेऱ्यावर बांधला की नाद श्रोत्याच्या नकळत बदलत राहतो. हे सीरममध्ये उत्तम होते आणि व्हायटलमध्येही उत्तम होते. दोन्हींच्या निकालांत फरक आहे, पण गेममध्ये पावलांचे, दारांचे आणि वाऱ्याचे आवाज त्यावर येऊन पडल्यावर तो फरक कोणाला सांगता येईल असे मला वाटत नाही. या कामापुरते सीरम घेणे म्हणजे हाती असलेल्या गोष्टीसाठी पुन्हा पैसे मोजणे होईल. तुमच्या मित्राला हे कडू लागेल. त्याला सांगा की सीरमच्या गुणांबद्दल माझा काही वाद नाही, केवळ या प्रकल्पातली त्याची जागा आधीच भरलेली आहे.

उरले पॅड आणि बेस. पॅडसाठी सर्ज एक्सटी हाही विनामूल्य पर्याय अवश्य तपासा. हा सिंथ आधी विकला जात असे आणि २०१८ मध्ये त्याच्या कर्त्याने त्याचा स्रोत (सोर्स कोड) सर्वांसाठी खुला केला. त्याचा चेहरा थोडा रूक्ष आहे, आणि क्रमवारीत तो मागे पडतो तो बहुधा त्यामुळेच. परंतु ऊब, फिल्टर उघडताना येणारी लवचीकता, आणि बेसच्या सुरुवातीला लागणारा ठोसा, ही डिव्हाची खास जागा आहे असे माझेही कान सांगतात. विकत घ्यायचेच असेल तर या चार आवाजांच्या हिशेबाने डिव्हा घ्यावा. निकाल तुमच्या बाजूने लागला म्हणून हुरळून जाऊ नका. तुमची यादी बरोबर होती असे मी म्हटलेले नाही. निर्मात्यांनी पॅड आणि बेसऐवजी तुकडे तुकडे होऊन उसळणारे, धातूसारखे चमकणारे आवाज मागितले असते, तर मी याच माहितीवरून दुसरे उत्तर दिले असते.

मात्र पैसे देण्यापूर्वी परवान्याच्या अटी वाचा. तिघांनी वर्गणी काढून घेतलेला सिंथ तिघांनी आपापल्या संगणकावर वापरणे बहुतेक कंपन्यांच्या अटींत बसत नाही. परवाना सहसा एका व्यक्तीच्या नावे असतो, आणि एकाहून अधिक संगणकांची मुभा असली तरी ती त्याच व्यक्तीच्या संगणकांपुरती असते. म्हणून ‘आपण तिघांनी कोणता घ्यावा’ या प्रश्नाला ‘तो कोणाच्या संगणकावर असेल’ असा आणखी एक प्रश्न जोडावा लागतो. डिव्हा घेतला तर तो तुमच्याकडे असावा. तुम्हाला तो आवडतो, आणि सहकारीच्या संगणकाला तो झेपत नसेल तर त्याच्याकडे पाहत बसण्यात तिला काय आनंद! काम करताना डिव्हाच्या गुणवत्तेच्या चार पायऱ्यांपैकी सर्वांत हलकी निवडा, शेवटचे ध्वनिमुद्रण करताना सर्वांत वरची ठेवा, आणि इतर दोघांना प्लगइनऐवजी (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या सिंथऐवजी) तयार ऑडिओ ट्रॅक पाठवा. वर्गणीचा हिशेब आपसात लेखी ठेवा. परवाना एकाच्या नावे आणि पैसे तिघांचे, यातून पुढे सिंथच्या वादापेक्षा वाईट वाद उद्भवतात.

माझ्या शब्दावर एवढी रक्कम खर्च करावी, अशीही माझी अपेक्षा नाही. तिन्ही सिंथ पैसे न देता आजमावता येतात: व्हायटल मुळातच विनामूल्य मिळतो आणि उरलेल्या दोघांचे डेमो आहेत. प्रत्येकाने आपल्या आवडत्या सिंथमध्ये, रिकाम्या पॅचपासून (सिंथच्या कोऱ्या मांडणीपासून) सुरुवात करून, एक पॅड आणि एक बेस घडवावा. त्यासाठी प्रत्येकाला दोन तास पुरेत. सुरावट तिघांची एकच असावी, इफेक्ट पूर्ण बंद असावेत, आणि तयार झालेल्या सहा तुकड्यांची पातळी मीटर पाहून सारखी करावी. मग तिघांबाहेरच्या एखाद्या व्यक्तीने त्यांना क्रमांक द्यावेत आणि कोणता क्रमांक कोणाचा हे स्वतःजवळच ठेवावे. तुकडे नुसते न ऐकता गेममधल्या इतर आवाजांच्या सोबत मिक्समध्ये बसवून ऐकावेत, कारण एकट्याने भव्य वाटणारा पॅड मिक्समध्ये पुष्कळदा सगळ्यांची जागा अडवून बसतो. एक अडचण आधीच सांगून ठेवतो: डिव्हाच्या डेमोत थोड्या वेळाने अधूनमधून खरखर ऐकू येते आणि त्यामुळे तो ओळखू येईल, म्हणून मुद्रण लहान तुकड्यांत करून स्वच्छ भागच घ्यावा.

या चाचणीत तुम्हाला स्वतःचाच तुकडा ओळखता आला नाही, तर कृपया रागावू नका. तसे झाल्यास पैसे खर्च करण्याचे काहीच कारण उरत नाही. व्हायटल, सर्ज एक्सटी आणि डेक्स्ड यांच्यावर काम पूर्ण करा, आणि जमलेली रक्कम खोलीतला घुमारा कमी करण्यासाठी किंवा ऐकण्याच्या स्पीकरसाठी वापरा. डिव्हाचे तुकडे तिघांपैकी दोघांनी, नाव माहीत नसताना, पसंत केले तर खरेदी करा आणि मित्राला तो निकाल मान्य करायला लावा. सीरमचे तुकडे पुढे आले, तर मी वर लिहिलेले खोडून काढा. तुमच्या कामाचा निर्णय माझ्या तर्काने व्हावा त्यापेक्षा तुमच्या कानांनी व्हावा.

तुमच्या सहकारीविषयी एक शब्द. तिघांत तिची यादी तुम्हाला सर्वांत कमी गंभीर वाटत असावी, असा सूर पत्रात मला जाणवला. चुकत असेन तर माफ करा. ज्या साधनाने तिचा संगणक अडखळत नाही आणि ज्यात ती सुचलेली कल्पना अर्ध्या तासात मांडू शकते, ते तिच्यासाठी पहिले असणे हा कमी प्रतीचा निकष नव्हे. चार महिन्यांत तिघांपैकी कोणी किती सुरावटी पूर्ण केल्या हे मोजले, तर कदाचित तिचाच आकडा मोठा निघेल.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. काम संपल्यावर प्रत्येक सिंथचा ट्रॅक ऑडिओ स्वरूपात जपून ठेवा, कारण सिंथ कायम चालत नाहीत. २०१९ मध्ये मॅकओएसच्या कॅटालिना आवृत्तीने ३२ बिटचे प्लगइन चालवणे थांबवले, तेव्हा अनेकांचे जुने प्रकल्प एका अद्ययावतीकरणानंतर मुके झाले. निर्माते वर्षभराने थोडा बदल मागतील, तेव्हा तुमच्याजवळ निदान मूळ नाद तरी असावा. त्या फाइलींच्या नावात सिंथचे, त्याच्या आवृत्तीचे आणि पॅचचे नाव न विसरता लिहा. चाचणीच्या सहा फाइलींवर मात्र निकाल लागेपर्यंत काहीही लिहू नका.